रोलरखालचे सायलेन्सर आणि १०३ डेसिबल

जप्त केलेले कर्णकर्कश सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे आणि वरून रोड रोलर फिरवायचा, या कारवाईचे व्हिडिओ गावाकडून अधूनमधून येतच असतात. त्यावर कोल्हापुरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, बरं झालं, रंकाळ्याच्या कडेला राहणाऱ्यांना रात्री झोप नाही. दुसरा म्हणतो, पोरांनी हौस करायचीच नाही का? त्यात आता आणखी दोन वादांची भर पडली आहे. वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झालं, तो एक. पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, सोडून जवळजवळ पर्याय राहिला नाही, तो दुसरा.

जपानमध्ये बसून हे तिन्ही वाद ऐकताना एकच गोष्ट सारखी खटकते. भांडण जोरात आहे, पण मोजमाप कुणाच्याच हातात नाही. ना रोलर फिरवणाऱ्यांच्या, ना टर्बोचं बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवणाऱ्यांच्या.

इथली १९८९ ते १९९४ दरम्यानची निसान स्कायलाइन जीटी-आर घ्या, म्हणजे आर-३२. तीस वर्षं ओलांडलेली, जुळे टर्बो असलेली ही गाडी आजही कायदेशीरपणे रस्त्यावर धावते, कारण दर दोन वर्षांनी होणारी ‘शाकेन’ ही तपासणी ती पास होते. तिथे वय विचारून गाडी बाद करत नाहीत. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर, जमिनीपासून उंची किमान ९ सेंटिमीटर, ब्रेक चाचणीच्या रोलरवर, हेडलाइटचा झोत यंत्रावर. धूर त्या काळच्या नियमाप्रमाणे, म्हणजे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.५ टक्के आणि एचसी (न जळालेलं इंधन) १२०० पीपीएमच्या आत. आवाजाची तपासणीही तशीच. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशांत माइक धरायचा आणि कमाल ताकदीच्या आरपीएमच्या ७५ टक्क्यांवर इंजिन ठेवायचं. या गाडीला ते ५१०० आरपीएम येतं. मर्यादा १०३ डेसिबल. नंतरच्या पिढीच्या गाड्यांना ९६. खरं तर १०३ हा आकडा भलताच उदार आहे, रंकाळ्यावर तो कुणी चालवून घेणार नाही. आपल्याकडे हवा तर ८५ ठेवा. पण आकडा ठेवा आणि मीटर लावा, म्हणजे कंपनीचा सायलेन्सर कुजून भोक पडलेली गाडीही त्यात सापडेल आणि चांगला, शांत, स्टेनलेसचा सायलेन्सर बसवलेला माणूस सुटेल.

बदलांचंही तसंच. १९९५ मध्ये इथे नियम सैल झाले. स्प्रिंग, शॉक अब्झॉर्बर, सायलेन्सर अशा ठरावीक पार्टसाठी वेगळा अर्ज लागत नाही. एरवीही लांबीत ३, रुंदीत २, उंचीत ४ सेंटिमीटर आणि वजनात ५० किलोपर्यंत फरक चालतो. इंजिनच दुसरं टाकायचं असेल, तर शाफ्ट आणि ब्रेक ते पेलतील का, याचा हिशेब कागदावर मांडून मंजुरी घ्यायची. कटकट आहे, पण वाट आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ च्या निकालाने ही वाट जवळजवळ बंदच केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मग माणूस मोठे ब्रेक बसवतो तेही चोरून आणि भोंगा सायलेन्सर लावतो तोही चोरून. कायद्याच्या लेखी दोघे सारखेच.

जपानचे गोडवे गाण्यात मात्र अर्थ नाही. तेरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाडीला इथे वार्षिक कर साधारण १५ टक्के जास्त पडतो, वजनावरचा करही चढतो. जुनी गाडी नीट राखणाऱ्यालाच हा भुर्दंड. दुसरीकडे कंपन्या जुने पार्ट पुन्हा काढतात. निसानने २०१७ च्या शेवटी आर-३२ पासून सुरुवात केली, टोयोटाने २०२० मध्ये जुन्या सुप्रापासून.

तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी साधारणपणे भारतात आणता येत नाही, त्यामुळे आर-३२ कोल्हापुरात येणार नाही. पण जुन्या लान्सरला किंवा सिव्हिकला बाहेरून टर्बो किट बसवण्याचा नाद आपल्याकडेही आहे आणि चुका त्याच आहेत. नाद खुळा असू दे, क्रम खुळा नको. आधी बूस्ट, मग गरज पडली तर दुरुस्ती, हा उलटा क्रम इंजिनं खातो.

आर-३२ च्या आरबी-२६ इंजिनाचंच बघा. मूळ टर्बोमधलं टर्बाइन चाक सिरॅमिकचं आहे. कंपनीचं बूस्ट ०.७ ते ०.८ बारच्या आसपास. ते १ बारच्या वर नेलं की चाक शाफ्टवरून सुटण्याचा धोका वाढतो आणि त्याचे तुकडे सिलिंडरपर्यंत पोहोचल्याची उदाहरणं आहेत. आधीच्या इंजिनांत क्रँकचा ऑइल पंप फिरवणारा भाग आखूड आहे. रेव्ह लिमिटरवर इंजिन आपटत ठेवलं की पंपाचा आतला गिअर तडकतो, ऑइल प्रेशर शून्य होतं आणि बेअरिंगं जातात. म्हणून इंजिन खोललंच आहे तर क्रँकला रुंद कॉलर आणि स्टीलच्या गिअरचा पंप, हा खर्च टर्बोच्या आधीचा.

बूस्टला हात लावण्यापूर्वी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, बघायचं. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल पंप बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. आरबी-२६ ला चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ किलो चांगलं, ९ च्या खाली नको, आणि कुठल्याही दोन सिलिंडरमध्ये १ किलोपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्यायचं. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

मग हवेची गळती. एअर फ्लो मीटरच्या पुढे, टर्बोच्या तोंडाला, टायरचा व्हॉल्व्ह बसवलेली टोपी लावायची, ब्रीदरच्या नळ्या बंद करायच्या, रेग्युलेटर लावून ०.७ बार हवा भरायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारायचं. तीस वर्षांच्या रबरी नळ्या हमखास बुडबुडे काढतात. मीटरने मोजलेली हवा पुढे निसटली की मिश्रण जाड होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं, काळा धूर येतो, आणि तेवढंच बूस्ट भरायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. निळा धूर आला की मात्र मिस्त्री टर्बोच बदलायला सांगतात. थांबा. क्रँककेसचा ब्रीदर तुंबलाय का, टर्बोतून ऑइल खाली जाणारी नळी कुठे दबली किंवा सपाट झाली आहे का, ते आधी बघा. ऑइलला उतार मिळाला नाही तर नवा टर्बोही धूर काढणारच.

आता कोल्हापूरच्या उद्यमनगरकडे, तिथल्या वर्कशॉपकडे येऊ. क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, होनिंग यात आपली माणसं कुणाला हार जाणारी नाहीत. ऑइल इंजिनांवर पिढ्या गेल्या, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कास्ट आयर्नचे ब्लॉक रोज ओतले जातात. घोडं अडतं ते वेगळ्या ठिकाणी. जुन्या कंपोझिट गॅस्केटला थोडा खरखरीत पृष्ठभाग चालतो, किंबहुना लागतो. जास्त बूस्टसाठी थरांचं स्टील गॅस्केट बसवलं की पृष्ठभाग आरए (खरखरीतपणाचं माप) ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून गुळगुळीत हवा. हेड अगदी सपाट केलं, पण कटर नेहमीच्या फीडने चालवला, तर बारीक चरांतून पाणी पाझरतं आणि दोष गॅस्केटला जातो. होनिंग करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी बसवायची जाड प्लेट, आवळलेली हवी, नाहीतर हेड बसवल्यावर बोल्टजवळ बोअर वाकतो. वर्कशॉपला जॉब देताना बोअरचा आकडा सांगतो तसाच आरएचा आकडा सांगायचा आणि परत घेताना मोजून घ्यायचा. फौंड्रीच्या क्वालिटी विभागांत हे मीटर असतात, मोटारवाले विचारतच नाहीत.

ई-२० वर कोल्हापुरात बोलणं नाजूक काम. जिल्ह्यात ऊस आहे, कारखाने आहेत, डिस्टिलऱ्या आहेत, इथेनॉलचा पैसा बिलापर्यंत येतो. त्यामुळे विरोधात बोललं की शेतकऱ्याच्या मुळावर उठल्याचा आरोप, आणि बाजूने बोललं की मोटारवाले अंगावर. दोघंही अर्धं बोलतात. ई-२० चा ऑक्टेन किमान ९५, साध्या पेट्रोलच्या ९१ पेक्षा चांगला. जपानी टर्बो इंजिनं जपानमधल्या हाय-ऑक्टेन पेट्रोलवर बेतलेली, म्हणजे ९६ किंवा त्याहून वर. नॉकिंगच्या, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकण्याच्या बाबतीत ई-२० त्यांना साध्या पेट्रोलपेक्षा बरंच मानवेल.

खोट दुसरीकडे आहे. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला एक, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. सावकाश चालताना ऑक्सिजन सेन्सर ही तफावत भरून काढतो. पण बूस्टवर जुना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सेन्सरचं ऐकत नाही, त्यात साठवलेल्या ठरलेल्या नकाशाप्रमाणेच (तक्त्याप्रमाणेच) इंधन सोडतो आणि मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. कंपनीचा नकाशा मुद्दाम जाड असल्याने मूळ बूस्टवर निभावतं. बूस्ट वाढवलेल्या गाडीत पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते.

नळ्यांचंही बघावं लागतं. जुन्या नायट्राइल रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि भेगाळतात. त्या जागी जे३०आर९ छापलेली नळी घ्यावी. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडणाऱ्या तुकड्याला जे३०आर१०च लागते, कारण आर९ बाहेरून पेट्रोल सहन करत नाही. टाकीत साचलेला जुना मळ सुटून येतो म्हणून फिल्टर एकदा लगेच आणि दोन-तीन टाक्यांनंतर पुन्हा बदलायचा. पावसाळाभर उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नये, इथेनॉल ओल ओढतं. आणि वाइडबँड मीटर बसवून बूस्टवरचं मिश्रण डोळ्यांनी बघितल्याशिवाय, नकाशा दुरुस्त केल्याशिवाय, बूस्ट कंट्रोलरची वायर काढून ठेवलेली बरी.