गुरुजी, पट बघा ना

गुरुजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. उत्तराला दोन दिवस लागले, कारण तुमचा पहिलाच मुद्दा मला खोडता येईना.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी अटलांटिक पफिन या उत्तरेकडच्या समुद्रपक्ष्याला ‘नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरचा’ म्हटलं होतं. त्यावर गंगाखेडहून एका निवृत्त गुरुजींनी लिहिलं : ‘जो पक्षी जगात कोटीच्या वर आहे तो उंबरठ्यावर कसा? आइसलँडात तर लोक तो खातात. इकडं माळढोक दिसेना, प्यायला पाणी मिळेना, आणि तुम्ही बर्फातल्या पाखरासाठी गळा काढता. माझ्या वर्गात असता तर या निबंधाला शून्य मार्क दिले असते.’

उंबरठ्याचं कबूल. ते वाक्य भरात लिहिलं गेलं. खरी गोष्ट अशी की २०१५ साली आययूसीएन या निसर्ग राखणाऱ्या जागतिक संघटनेनं आपल्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत पफिनला ‘लीस्ट कन्सर्न’ म्हणजे फारशी काळजी नसलेल्यांमधून उचलून ‘व्हल्नरेबल’मध्ये टाकलं. धोक्याच्या तीन पायऱ्यांतली ही पहिली. पुढं ‘एंडेंजर्ड’, आणि त्याच्याही पुढं ‘क्रिटिकली एंडेंजर्ड’. युरोपच्या वेगळ्या यादीत मात्र तो दुसऱ्या पायरीवर आहे, आणि जगातले बहुतेक पफिन युरोपातच अंडी घालतात. संख्या म्हणाल तर अंडी घालण्याच्या वयाचे पक्षी सव्वा कोटीच्या आसपास. म्हणजे तुमचा आकडा बरोबर.

पण शून्य मार्क मी घेणार नाही.

ही यादी नुसती किती उरले ते बघत नाही, किती वेगानं घटतायत तेही बघते. तीन पिढ्यांत तीस टक्क्यांहून जास्त घट झाली, किंवा होणार असं दिसलं, की ‘व्हल्नरेबल’. विहिरीत आज पाणी किती, हे कुणीही काठावरून सांगेल. बागायत लावायच्या आधी शेतकरी मात्र विचारतो, मागच्या चैत्रात किती परस होतं? लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, ती काही एका उन्हाळ्यात आलेली नव्हती.

आणि पफिनच्या तीन पिढ्या म्हणजे साठ-पासष्ट वर्षं. इथंच खरी गोम आहे. हा पक्षी चार-पाच वर्षांचा झाल्यावर वीण सुरू करतो, वर्षाला एकच अंडं घालतो आणि वीस-तीस वर्षं जगतो. त्यामुळे कड्यावर गेलं की गर्दीच गर्दी दिसते. ही गर्दी कशी असते ते तुम्हाला मी काय सांगावं? तुम्ही उभी नोकरी झेडपीच्या शाळेत काढलीत. गावात घरं तेवढीच, पारावर माणसं तेवढीच, यात्रेला जागा पुरत नाही. आणि पहिलीचा पट दोन. गाव उठलं असं कुणी म्हणणार नाही. हजेरी घेणाऱ्या मास्तराला मात्र कळलेलं असतं.

नॉर्वेच्या रॉस्ट बेटांवर नेमकं हेच झालं. तिथले पफिन पिल्लांना हेरिंग माशाची चिंगळी भरवायचे. साठच्या दशकाच्या शेवटी अतोनात मासेमारीनं हेरिंग बसला आणि पिल्लं बिळातच उपाशी मरायला लागली, एक वर्ष नाही, वर्षानुवर्षं. म्हातारे पक्षी दर उन्हाळ्यात येत राहिले. १९७९च्या सुमारास तिथं चौदा-पंधरा लाख जोड्या होत्या, आज त्याच्या पाव हिस्साही नाहीत. आइसलँडच्या दक्षिणेला सँड ईलनं तीच गत केली. हा बोटभर लांबीचा, आपल्या गोदावरीतल्या वामीच्या पिल्लासारखा बारीक मासा. पफिन असे आठ-दहा मासे चोचीत आडवे धरून बिळाकडं येतो; सगळे फोटो त्याचेच असतात. समुद्र तापला तसा हा मासा घटला. उत्तर समुद्रात तर तो माणसांनी खाण्यासाठी नाही, पेंड आणि तेलासाठी ओढला जायचा. ब्रिटननं आपल्या हद्दीत ही मासेमारी २०२४ साली बंद केली.

‘कोटीच्या वर’ला दुसरं उत्तर तुमच्याच पिढीनं पाहिलंय. माझ्या लहानपणी आमचा एक बैल मेला. गावाबाहेर ओढून टाकला तर दुपारपर्यंत लिंबावर, बांधावर, जमिनीवर गिधाडंच गिधाडं. मी मोजायला लागलो आणि चाळिसाच्या पुढं नाद सोडला. वडील म्हणाले, ‘कशाला मोजतोस, कावळ्यासारखी पडलीत.’ पांढऱ्या पाठीची ती गिधाडं तेव्हा देशात लाखोंनी होती. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारातलं एक राहिलं. जनावरांना टोचायचं डायक्लोफिनॅक मढ्यातून त्यांच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडं निकामी होत. औषधावर बंदी आली २००६ साली. तोवर मोजायला उरलं काय होतं?

आइसलँडात पफिन खातात, हे खरं. लांब दांड्याच्या जाळीनं उडता पक्षी धरतात. पण तिथल्याच वेस्टमन बेटांवर आता शिकारीचे दिवस अगदी थोडे ठेवलेत. आणि त्याच गावात ऑगस्ट-सप्टेंबरात दिव्यांना भुलून रस्त्यावर उतरलेली पिल्लं पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन शोधतात, खोक्यात ठेवतात, सकाळी वजन करून कड्यावरून समुद्राकडं उडवून देतात. खाणारे आणि उडवणारे एकाच घरातले असू शकतात. आपल्याकडं गोठ्यात आणि बाजारात हेच चालतं, मला त्यात विसंगती वाटत नाही.

राहिला माळढोक. तुमचा राग रास्त आहे. दीडशेच्या आत उरलाय, तोही बहुधा एकच अंडं घालतो, आणि मान वर करून बघायच्या आत विजेच्या तारेवर आपटतो. त्याच्यावर मी लिहिलंय, पुन्हा लिहीन. पण पफिनवर लिहिलं म्हणून माळढोकाचा घास गेला, हा हिशेब मला पटत नाही. मी पफिन डोळ्यांनी पाहिलेला नाही, बहुतेक पाहणारही नाही.

‘उंबरठ्यावर’ हा शब्द आज काढला आणि खाली ‘एका वाचक गुरुजींनी चूक दाखवली’ अशी ओळ टाकली. मार्क तुम्ही ठरवा. डिसेंबरात पैठणकडं येणं झालं तर कळवा, नाथसागरावर उत्तरेकडून आलेले कुरव दाखवतो. दुर्बीण एकच आहे, आळीपाळीनं बघू.