पेशंटबरोबर कोण आहे?

गावाकडच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, सरकारी मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं खाजगी भागीदारीत द्यावीत की नाही, आणि मला टॅग करून विचारतायत की तू बर्लिनला आहेस ना, सांग तिकडे कसं असतं.

मागच्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन शारिटेत झालं. १७१० साली प्लेगच्या भीतीने बांधलेलं हे हॉस्पिटल, आज चार कॅम्पस, तीन हजारांच्या आसपास बेड, बर्लिनच्या दोन युनिव्हर्सिट्यांचं मिळून एकच मेडिकल कॉलेज, आणि हो, सरकारी आहे. ॲडमिट होतो तेवढे दिवस रोजचे १० युरो भरले, बाकी विम्यातून. विमा फुकट नाही, दर महिन्याला पगारातून बराच कापतात, आणि इथेही साध्या अपॉइंटमेंटला महिना महिना थांबावं लागतं.

पण माझ्या डोक्यात राहिलंय ते वेगळंच. रात्री सिस्टरने रक्त घेतलं, ट्यूब एका डबीत घातली, डबी भिंतीतल्या पाइपात सरकवली आणि ती सूं करून लॅबला गेली. मी बघतच राहिलो, कारण बाबा आजारी होते तेव्हा आपल्याकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती ट्यूब माझ्या मुठीत होती, अजून कोमट, लिफ्ट बंद, मी दोन बिल्डिंगा ओलांडून पळतोय आणि तिकडे वॉर्डात कुणीतरी ओरडतंय, "पेशंटबरोबर कोण आहे?" स्ट्रेचर आपणच ढकलायचं, सलाइन संपत आलं की आपणच सांगायचं. सिस्टरांवर राग नाही माझा, अख्ख्या वॉर्डाला त्या एकट्या होत्या.

शारिटेतही हे आपोआप आलं नाही. २०२१ मध्ये तिथल्या नर्सेस जवळपास महिनाभर संपावर होत्या, मुख्य मागणी एकच, एका नर्सकडे किती पेशंट ते करारात लिहा. लिहून घेतलं त्यांनी, आता कमी माणसांत ड्यूटी काढली की पॉइंट मिळतात आणि पॉइंट साठले की सुट्टी.

आपल्याकडे मे २०२२ मध्ये सरकारी नर्सेस कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या तेव्हा याच ग्रुपवर त्यांना शिव्या पडल्या. ऑक्टोबर २०२३ ला नांदेडच्या सरकारी हॉस्पिटलात २४ तासांत २४ पेशंट गेले, त्यात १२ नवजात बाळं, आणि खासदारांनी डीनला टॉयलेट साफ करायला लावलं त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी फॉरवर्ड केला. त्या रात्री वॉर्डात किती सिस्टर होत्या, ग्रुपवर एकाने तरी विचारलं का?

खाजगी करा, जिल्ह्याजिल्ह्यात नवं कॉलेज काढा, पण रात्री दोन वाजता तीस पेशंटांमागे किती माणसं असणार ते आधी लिहून द्या. आई आता सत्तरीच्या पुढे आहे, तिथे एकटीच राहते. ती ॲडमिट झाली आणि तीच हाक आली, तर उत्तर द्यायला बर्लिनहून पोचेपर्यंत मला दीड दिवस लागतो.