टीवरचा चेंडू मेलेला नसतो (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात सॉफ्टबॉलच्या स्विंगचा सराव कसा घ्यावा यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. 'छान लेख' एवढंच लिहून पुढे जाणारे पुष्कळ असतात. स्वतः मैदानावर घाम गाळलेला माणूस वेळ काढून चूक दाखवतो, तेव्हा त्याची दोन ओळींत बोळवण करणं मला पटत नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. बॅटिंग टीवर, म्हणजे चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर, ठेवलेला चेंडू मेलेला असतो, त्याला मारून कुणी बॅटर झालेलं नाही. 'बॅट वरून खाली आणू नका' हे मी लिहिलं ते चूक, कारण तुमच्या सरांनी नेमकं तेच शिकवलं आणि त्या जोरावर तुम्ही विभागापर्यंत खेळलात. रोज शंभर स्विंग म्हणजे आठवी-नववीच्या पोरांवर अत्याचार. आणि शेवटी, कोकणात ना मैदान ना सामान, पोरं क्रिकेटमागे. असली सरावाची यादी घाटावरच्या मोठ्या शाळांना ठीक.

शंभर स्विंगचं तुमचं बरोबर आहे. ते मी मागे घेतलं, लेखातही बदललं. पन्नाशीच्या पुढे मुलं दमतात, हात उतरतात, मागचा खांदा पडतो, आणि उरलेले स्विंग ती चुकीचेच घोटत बसतात. तळहाताला फोड येतात ते वेगळंच. आता आम्ही आठ-आठचे पाच फेर करतो, मध्ये जोडीदाराची पाळी. प्रत्येक स्विंगनंतर जागेवरून बाहेर यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा पाय रोवायचे. चाळीस स्विंग, पण चाळीसही मोजूनमापून.

टीबद्दल मात्र मला तुमच्याशी भांडायचं आहे.

आपल्याकडची पोरं सॉफ्टबॉलकडे येतात ती क्रिकेटचे हात घेऊन. क्रिकेटची बॅट जास्तीत जास्त १०.८ सेंटीमीटर रुंद, चेंडूचा व्यास सात सेंटीमीटरच्या किंचित वर. म्हणजे बॅट चेंडूपेक्षा रुंद, आणि पुढून सपाट. सॉफ्टबॉलमध्ये चेंडूचा घेर १२ इंच, व्यास साधारण ९.७ सेंटीमीटर, बॅट जाडीला फार तर ५.७ सेंटीमीटर, आणि गोल. इथं चेंडूच बॅटपेक्षा जाड. गोलाला गोल भिडवायचा आहे. बॅट दीड-दोन बोटं खाली लागली की चेंडू आभाळात जातो, तेवढीच वर लागली की पायाशी आपटतो. एवढी बारीक गोष्ट पिचरनं, म्हणजे सॉफ्टबॉलमधल्या गोलंदाजानं, टाकलेल्या चेंडूवर शिकवायला गेलं, तर मुलीला कळणारच नाही की चुकलं काय: डोळा चुकला, वेळ चुकली, की बॅटची वाट चुकली. चेंडू जागेवर ठेवला की डोळा आणि वेळ हे दोन प्रश्न बाजूला होतात. उरते ती फक्त बॅटची वाट.

आणि टीवरचा चेंडू बोलतो. आमच्याकडची एक आठवीतली मुलगी, नऊ नंबर घालते म्हणून तिला नऊच म्हणू. टीवर दहातले दहा चेंडू लागायचे, आवाजही मोठा यायचा, पण सगळे डाव्या हाताला, तिसऱ्या बेसच्या बाजूला जमिनीवरून घरंगळत जायचे. ती खूश, मीही सुरुवातीला खूश. मग एक दिवस मी चेंडूला फळ्याच्या खडूची पूड चोळली आणि मारायला सांगितलं. बॅटवर पांढरा ठसा उठला तो टोकाला, शेवटच्या तीन बोटांत. बॅटचा जोरदार भाग टोकापासून साधारण १२ ते १७ सेंटीमीटर आत असतो. तिनं ठसा बघितला, बोटानं पुसला, पुन्हा मारलं, पुन्हा तिथंच. मग तिचं तिलाच दिसलं की हात कोपरातून आधीच लांब फेकले जातायत आणि चेंडूवर येईपर्यंत मनगटं वळून गेलेली असतात.

त्यावर भिंतीचा सराव दिला. बॅटची मूठ पोटाला, टोक भिंतीला, तेवढ्या अंतरावर उभं राहायचं आणि भिंतीला न लागता स्विंग करायचा. आमच्या भिंती चिऱ्याच्या, बॅट सोलून निघेल, म्हणून पडवीच्या दोन खांबांमध्ये गोणपाट टांगलं. पहिल्या दिवशी गोणपाटाचा आवाज थांबेना. चौथ्या दिवशी तिनं सलग सहा स्विंग आवाज न करता काढले आणि टीवर गेली. खडूचा ठसा आत, जोरदार भागावर सरकला होता, आणि चेंडू नाकासमोर, पिचरच्या डोक्यावरून गेला असता असा जाळ्यात. हे शिकवायला मला तोंड उघडावं लागलं नाही. हा चेंडू मेलेला कसा म्हणू?

टी कुठं ठेवायची हे लेखात नीट लिहायचं राहून गेलं. बहुतेक शाळांत ती मुलाच्या पोटासमोर ठेवतात, तिथंच सगळं बिघडतं. मधला चेंडू पुढच्या पायाच्या रेषेत हवा. अंगाजवळचा त्याहून थोडा पुढे, लांबचा थोडा मागे, पुढच्या मांडीच्या रेषेपर्यंत. टी पोटासमोर ठेवून शिकलेलं मूल सामन्यात कायम उशिरा मारतं.

आता तुमचं जे खरं आहे ते. दोन वर्षांपूर्वी जून ते सप्टेंबर आम्ही पडवीत टीच करत राहिलो. बाहेर धो धो पाऊस, लावणीच्या दिवसांत निम्मी मुलं शेतावर, मग गणपती. मैदानाचा चिखल वाळेपर्यंत जिल्हा स्पर्धा येऊन ठेपल्या. ओरोसला पहिल्याच सामन्यात ही नऊ तीनदा स्ट्राईक आऊट झाली, म्हणजे चेंडू न मारताच बाद. तिसऱ्यांदा परत आली ती डोळ्यांत पाणी घेऊन: "सर, बॉल गावाकच नाय. इलो इलो म्हणतंय तवसर गेलो." (बॉल सापडलाच नाही, आला आला म्हणेपर्यंत गेला.) चूक तिची नव्हती. चार महिने मी तिला उभ्या चेंडूपुढे उभं केलं आणि हलत्या चेंडूपुढे एक दिवससुद्धा नाही. ते मला अजून लागतं. तुमची प्रतिक्रिया वाचताना तोच दिवस डोळ्यासमोर आला.

महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर १३.११ मीटरवर असते, पण पाऊल टाकून ती चेंडू सोडते तेव्हा अंतर साडेअकराच्या आसपास उरतं. चेंडू ताशी ७० किलोमीटरनं आला तरी हातात सुमारे ०.६ सेकंद. त्यातला ०.२ सेकंद स्विंगलाच जातो. म्हणजे चेंडू निम्मी वाट चालून येईपर्यंत मुलीचं वजन मागच्या पायावर गेलेलं, पुढचं पाऊल पडत आलेलं, आणि मारायचं की सोडायचं हे ठरत आलेलं असलं पाहिजे. टी यातलं काहीच शिकवत नाही, हे शंभर टक्के मान्य.

म्हणून आता एकाच दिवशी तिन्ही करतो. टीवर आठ-आठचे दोन फेर, लगेच बाजूच्या टॉसवर दोन, मग समोरून टॉसवर एक. बाजूच्या टॉसमध्ये टाकणारी मुलगी बॅटरच्या पुढच्या बाजूला तिरकी बसते, कधीही थेट समोर नाही आणि जाळ्याशिवाय तर नाहीच. चेंडू आधी दाखवायचा, हात मागे न्यायचा, मग सरळ आणि जरा जोरात टाकायचा. तिचा हात मागे गेला की बॅटरनं वजन मागे घ्यायचं. लय इथूनच येते. वर उडवून, टपोऱ्या आंब्यासारखा हळू पडणारा चेंडू टाकला तर मुलं वाट बघत थांबायला शिकतात. समोरून टॉस पाच-सहा मीटरवरून, जाळ्याआडून. निम्म्या चेंडूंना गेरूचा पट्टा ओढला आहे: पट्टेवाला आला तर सोडायचा, पांढरा आला तर मारायचा. पहिल्या आठवड्यात सगळ्याच मारत सुटल्या. आता सोडतात, आणि सोडतानाही पाऊल आणि कंबर अर्ध्यापर्यंत गेलेली असते, म्हणजे मारायच्या तयारीनंच सोडतात. मला सगळ्यात जास्त समाधान याच फेरीत मिळतं.

वरून खाली की सपाट, हा वाद जुना आहे. तुमच्या सरांबद्दल मला आदर आहे आणि त्यांनी तसं का सांगितलं असेल हेही कळतं. शिकाऊ मूल मागचा खांदा पाडतं, बॅट खालून काढतं आणि चेंडू आभाळात चढवतं. त्याला 'वरून खाली मार' म्हटलं की खांदा सरळ होतो. उपाय म्हणून ते वाक्य लागू पडतं. शिवाय हात खांद्याच्या उंचीवरून सुरू होतात, त्यामुळे सुरुवातीला ते खाली येतातच.

पण हात चेंडूच्या उंचीला पोचल्यावर काय? पिचर चेंडू मांडीजवळून सोडते, तरी वाटेत तो पडतच येतो. अर्ध्या सेकंदात कुठलीही वस्तू सव्वा मीटरच्या आसपास खाली ओढली जाते. तेवढी पडझड भरून काढायला पिचर तो थोडा वर सोडते, म्हणून प्लेटपाशी, म्हणजे बॅटरपुढच्या पाटीपाशी, तो किंचित उतरत असतो. उतरत्या चेंडूवर बॅटही उतरती आणली तर दोन्ही वाटा एकाच बिंदूत छेदतात. क्षणभर लवकर किंवा उशीर झाला की संपलं. बॅट सपाट, शेवटी किंचित चढती ठेवली, तर ती चेंडूच्याच रेषेत वीतभर जास्त राहते, आणि वेळेची थोडी चूक पोटात घेते. बेसबॉलमध्ये १९४१ साली .४०६ च्या सरासरीनं हंगाम काढणारा टेड विल्यम्स किंचित चढत्या स्विंगचाच पुरस्कर्ता होता. तिथं तर पिचर उंचवट्यावरून, खांद्यावरून टाकतो, चेंडू आणखी उतरता येतो.

मुलांना हे मी विटी-दांडूतून सांगतो. विटी उडवल्यावर दांडू वरून हाणला तर विटी मातीत जाते. पाय रोवून, कंबर फिरवून आडवा टोला बसला तर ती आवाठाबाहेर, वाडीबाहेर जाते. आजोबांकडून शिकलेलं पोर हे एका वाक्यात समजतं.

कंबरेचं सांगतोच आहे तर: जड बॅट फिरवून मग हलकी घ्या असं तुम्ही सुचवलंत. हलकी वाटते हे खरं, पण लगेचच्या स्विंगचा वेग त्यानं वाढत नाही, उलट मंदावलेला आढळतो. त्याऐवजी 'पाऊल, थांब, फिरव' हा सराव करून बघा. पाऊल टाकायचं, हात मागेच ठेवायचे, जोडीदारानं टाळी वाजवली की आधी कंबर आणि मग हात. हात आधी सुटले तर जोर कसा पळून जातो ते मुलाला स्वतःच्या अंगात जाणवतं.

सामानाचं थोडक्यात सांगतो, कारण ती अडचण मला एवढी मोठी वाटत नाही. चिऱ्याला भोक पाडून त्यात पीव्हीसीचा पाईप, त्यावर वॉशिंग मशीनचा जुना पन्हाळी पाईप: झाली टी, आणि वाऱ्यात हलत नाही. मासेमारीचं, रापणीचं टाकाऊ जाळं मालवणच्या एका ओळखीच्या तांडेलानं फुकट दिलं, ते दुहेरी करून टांगलं. जुन्या मोज्यांत चिंध्या भरून सुंभानं बांधलेले चेंडू पडवीत कौलं फोडत नाहीत. बाटल्यांची बुचं आणि केरसुणीचा दांडा घेऊन डोळ्याचा सराव तर घरच्या खळ्यातही होतो.

क्रिकेटचं वेड आहे, असू दे. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटही आहे आणि सॉफ्टबॉलही. क्रिकेटमध्ये चांगला पुल मारणारं पोर मला सॉफ्टबॉलला आधी हवं असतं.

तुमच्या प्रतिक्रियेच्या शेवटी एक ओळ आहे, जिच्यावर मी अडलोय. 'आमचे सर मागून चेंडू टाकायचे, त्यानं माझी घाई गेली,' असं तुम्ही लिहिलंत. बॅटरच्या मागून पुढे जाणारा चेंडू गाठायला हात लांबवत न्यावेच लागतात, हे मला पटतं, आणि नऊच्या मनगटांना नेमकं हेच हवंय. पण टाकणारा उभा कुठं राहायचा? बॅटरच्या पाठीकडे की प्लेटच्या पलीकडे? चेंडू कंबरेच्या उंचीनं की टप्पा देऊन? आणि मान वळवून बघायची परवानगी होती का? येत्या आठवड्यात पाऊस जरा उघडेल असं दिसतंय. त्याआधी कळवलंत तर तिच्यापासूनच सुरुवात करीन.