लक्ष्मीच्या एक्सपायी

दुपारी दोनला मास्तरांच्या ग्रुपवर वरनं मेसेज. ‘आधार व्हॅलिडेशन आज पाचपर्यंत शंभर टक्के, अन्यथा मुख्याध्यापक जबाबदार.’ खाली लगेच ओके सर, ओके सर आणि जोडलेले हात. त्या हातांनीच डोकं जास्त फिरतं.

शंभर टक्के म्हणे! गगनबावड्याच्या वाडीवर रेंज टेकाडावर. वर्ग सोडून टेकाड चढा, यूडायस, म्हणजे शाळांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल, उघडा, कॅप्चा टाका, गोल फिरणारं चाक बघत बसा. नाव, जन्मतारीख, लिंग, तिन्ही जुळलं तरच हिरवं. आधारवर लक्ष्मी एक्सची, आमच्या रजिस्टरला के-एस-एचची. फेल! बरं, स्पेलिंग आमच्याकडचं बदलता येतं. आधारची जन्मतारीखच चुकली असेल तर जन्मदाखला आणा. पोरगी जन्मली धनगरवाड्यावर, घरात. नोंद कोण करणार होतं, म्हशी? मग आईबापांनी रोजगार बुडवून तालुक्याला जायचं, आणि तिथं मशीन बंद.

पोरगी समोर बसलीय हो! रोज शंभर ग्रॅम तांदळाचा भात खातेय, बाराचा पाढा म्हणतेय. पण संचमान्यतेला, म्हणजे शाळेला मास्तर किती हे ठरवताना, आधार व्हॅलिड असेल तेवढंच पोर मोजायचं. म्हणजे एका एक्सपायी पट घसरणार, पट घसरला की दुसरा मास्तर जाणार. राहिलेल्यानं चौथीला भागाकार घालायचा, तिसरीला शुद्धलेखन द्यायचं, पहिली-दुसरीला गोलात बसवून मणी मोजायला लावायचे. दहा मिनिटांत पहिलीचं एक रडतं, दुसरीचा मणी नाकात, आणि चौथीची बाकी फळ्यावरच राहते.

शाहू महाराजांनी 1917 ला शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड होता. आता पोर हजर, बाप हजर, सर्व्हर गैरहजर. दंड कुणाला लावायचा? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये मास्तरांना शिकवण्याबाहेरचं काम म्हणून जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढंच लिहिलंय. ऑपरेटरगिरी कुठं आहे त्यात?

आता एक खरं बोलायचं तर तारखांचा घोळ आमच्याच जातीचा. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला कुणी घातला? मास्तरांनीच. पूर्वजांचं पाप फेडतोय म्हणायचं आणि चढायचं टेकाड. आणि एवढी आगपाखड करून आमचं उत्तर तरी काय जातं? ‘ओके सर, कार्यवाही सुरू आहे.’ रेंज तुटल्यामुळं तेही दोनदा.

त्यात तो स्मार्ट टीव्ही. आषाढात व्होल्टेज पडलं की पडदा मिचमिचतो, तार तुटली की दोन-दोन दिवस लाइट नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कुणी घालायचं हे कुठल्याच परिपत्रकात नाही, म्हणून ती कोरडी पडून मेलेली. कौलातनं गळतं म्हणून टीव्हीवर खताच्या पोत्याचा कागद. पण ‘वापर करतानाचा’ फोटो मात्र लोकेशनसह पाहिजे. पाठवला. पोरं ओळीनं बसलेली, मास्तर काळ्या पडद्याकडं बोट दाखवतोय. शेरा आला, ‘स्क्रीन स्पष्ट दिसत नाही, पुन्हा पाठवावा.’