कोर्टाने सांगितलं म्हणून बँक ऐकत नाही
ते फॉरवर्ड परत फिरतंय, की घटस्फोटाच्या आदेशात 'घराचं कर्ज नवरा फेडेल' असं लिहिलं की बायको सुटली. नाही हो, तसं नसतं. तो आदेश तुमच्या दोघांमधला, बँक त्यात पार्टीच नाही, लोनवर सही दोघांची असेल तर त्याने हप्ता चुकवला की बँक तुम्हालाही धरणार. माझ्या मैत्रिणीला कळलं तेव्हा तीन हप्ते थकलेले, ती आपली निकालाची कॉपी दाखवत बसली तर बँकेतला माणूस म्हणे मॅडम, सही तुमचीच ना? आदेशाच्या जोरावर नवऱ्याकडे पैसे मागता येतात, पण ती वेगळी लढाई. म्हणून लोन एकाच्याच नावावर नव्याने करून घ्या, नाहीतर नाव काढल्याचं बँकेचं लेखी पत्र तरी. आणि खात्यांवर, विम्यावर नॉमिनी म्हणून नवऱ्याचं नाव असेल तर तेही बदला, ते तर सगळेच विसरतात.