तिसऱ्या दिवशी घरी कोण येतं?

ऑगस्टचा पहिला आठवडा आला की नातेवाइकांच्या ग्रुपवर स्तनपान सप्ताहाचे संदेश फिरू लागतात. यंदा त्यावरून वाद पेटला. एका काकूंनी लिहिलं, "आजकालच्या मुलींना अंगावर पाजायचा कंटाळा, आठवड्यात डबा आणतात." त्यावर एका भाचीचं उत्तर आलं, पाजायचं की नाही ते आई ठरवेल, बाकीच्यांनी मध्ये पडू नये. झालं, दोन दिवस दोन तट. मी नेदरलँड्समध्ये बसून हे वाचत होते आणि जीव तुटत होता, कारण जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं ती बाई दोन्ही तटांना दिसतच नव्हती. तिला मनापासून पाजायचंय. बाळ रडतंय, छाती ठणकतेय, आणि नेमकं काय चुकतंय ते पाहणारं जाणतं माणूस जवळ नाही. अशी बाई मी स्वतः होते. माझी मावसबहीणही होती.

आमची बाळंतपणं दोन महिन्यांच्या अंतराने झाली. माझं इथे, तिचं तिकडे भारतात.

इथे सगळं सुरळीत असेल तर बाळंतीण काही तासांतच घरी येते. आणि तिच्या पाठोपाठ घरी येते ती क्रामझॉर्गची बाई. बाळ-बाळंतिणीची काळजी घेण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली ही परिचारिका साधारण आठ दिवस रोज काही तास घरी असते. एकूण 49 तास ही नेहमीची मर्यादा, 24 तास तर किमान मिळतातच. खर्चाचा मोठा वाटा प्रत्येकाला सक्तीच्या असलेल्या आरोग्य विम्यातून जातो.

तिसऱ्या दिवशी मी दात आवळून पाजत होते. बाळाने तोंड लावलं की कळ पार मणक्यापर्यंत जायची. मला वाटलं, हे असंच असतं. त्या बाई शेजारी बसल्या आणि पाच मिनिटं नुसत्या पाहत राहिल्या. मग त्यांनी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून माझी करंगळी आत सरकवायला लावली आणि पकड सोडवली. स्तनाग्र बाहेर आलं ते एका बाजूने चेपलेलं, वर रक्ताची बारीक चीर. बाळ फक्त टोक धरत होतं. त्यांनी त्याचं पोट माझ्या पोटाला लावलं, नाक स्तनाग्रासमोर आणलं आणि थांबायला सांगितलं. जांभईएवढं तोंड उघडल्यावर हनुवटी आधी टेकवून त्याला पटकन जवळ ओढलं. कळ आली, पण क्षणभरच. "आता ऐक," त्या म्हणाल्या. दोन-तीनदा चोखलं की एक बारीक घोट. मग थांबणं. मग पुन्हा घोट. बाळाच्या पोटात काहीतरी जातंय हे मला पहिल्यांदा कानांनी कळलं.

त्याच दिवशी वजन भरलं 8 टक्क्यांनी कमी. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण 10 टक्क्यांकडे काटा सरकू लागला की डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. ठरलं असं: दर पाजण्यानंतर हाताने दूध काढून चमच्याने द्यायचं, ओले डायपर मोजायचे, उद्या पुन्हा वजन. फोनवर आई कळवळून म्हणत होती, "अगं, तुला पुरत नाहीये दूध, वरचं दे त्याला." तिची काहीच चूक नव्हती. तिलाही तिच्या वेळी हेच सांगितलं गेलं होतं. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो तो चमच्या-चमच्यानेच येतो, पान्हा नंतर फुटतो, सिझेरियन झालं असेल तर कधी आणखी उशिरा, आणि स्तन जितके रिकामे होतील तितकं पुढचं दूध तयार होतं, हे तिला कुणी समजावलंच नव्हतं. भुकेल्या बाळाला वरचं दूध द्यावं लागलं तर जरूर द्यावं, तो गुन्हा नाही. मात्र तेव्हा आईचं दूध काढलं गेलं नाही, तर दुसऱ्या दिवशी ते खरोखरच कमी पडू लागतं.

त्या बाई माझ्याकडेही तितक्याच बारकाईने पाहायच्या. रोज ताप, टाके, रक्तस्राव किती, गर्भाशय आकसून पूर्ववत होतंय का, पोटरी दुखते का. एकदा दार लोटून घेत त्यांनी विचारलं, "आणि तू कशी आहेस? बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?" मला रडू फुटलं. त्यांनी ते वहीत लिहिलं, कारण इथे तीही तपासणीच मानतात.

मावसबहिणीचं सिझेरियन एका खासगी रुग्णालयात झालं. चौथ्या दिवशी सुट्टी. घरात आठ माणसं, तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू द्यायचे नाहीत. माझ्या घरात आम्ही दोघंच होतो आणि तिच्या त्या भरल्या घराचा मला हेवा वाटत होता. पण त्या आठांपैकी एकालाही बाळ दूध गिळतंय की नुसतं तोंड लावून पडलंय हे ओळखता येत नव्हतं. बाळ दिवसभर झोपायचं. सगळे म्हणायचे, किती गुणी आहे! सहाव्या दिवशी ते पिवळं पडलं, ओठ सुकले, लंगोटावर विटकरी डाग दिसला. दवाखान्यात नेलं तेव्हा कावीळ होती आणि शरीरातलं पाणी कमी होऊन रक्तातलं सोडियम वाढलं होतं. बाळ वाचलं, आता छान धावतंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आईला दूध आहे, बाळ नीट धरत नव्हतं. तरी घरात "हिचं दूधच पातळ" हा शिक्का बसला तो बसलाच. न्हाणीघरात नळ सोडून ती रोज रडायची. मला हे तिने वर्षभराने सांगितलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे 13 टक्के स्त्रियांना मानसिक आजाराला, मुख्यतः नैराश्याला, तोंड द्यावं लागतं. विकसनशील देशांत हे प्रमाण 20 टक्क्यांच्या जवळ जातं. आपल्याकडे याला "बाळंतिणीचं मन हळवं असतं" म्हणून सोडून देतात.

ज्ञान आपल्याकडे नाही असं कुणी म्हणू नये. आशियातली पहिली मानवी दूधपेढी 1989 मध्ये मुंबईत, सायनच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. बाळाच्या डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात रोखणारा कायदा आपण 1992 मध्ये केला आणि तो चांगला कायदा आहे. गाडं अडतं ते बाळंतिणीच्या खाटेजवळ. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतलेली मुलं 41.8 टक्केच. डॉक्टर, नर्स, औषधं सगळं हाताशी असताना निम्म्याहून जास्त बाळांचा तो पहिला तास निसटला. याला मुलींचा कंटाळा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि घरी जाऊन पाहण्याची व्यवस्थासुद्धा आपल्याकडे आहे! 2011 पासून आशाताई नवजात बाळाच्या घरी जातात. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. त्यांना मिळणारं प्रशिक्षण आणि मोबदला तोकडा आहे, हे मान्य. पण वेळापत्रक अगदी नेमकं आहे. मुख्यतः खेड्यांसाठी आखलेली ही सोय शहरात खासगी रुग्णालयाचं मोठं बिल भरून घरी आलेल्या बाईच्या दारापर्यंत पोचत नाही. तिला सुट्टीच्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख मिळते, आणि ती बहुधा लसीची असते.

इथलं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. आठव्या दिवशी क्रामझॉर्गच्या बाई निरोप घेऊन गेल्या आणि घर एकदम गप्प झालं. इथे न कळवता कुणी कुणाच्या घरी जात नाही. तिसऱ्या आठवड्यात मला हुडहुडी भरून ताप आला. उजव्या छातीवर लाल, गरम, दगडासारखा पट्टा उठला होता. मी तो साधा ताप समजून दिवस काढला, कारण बघणारं कुणी नव्हतं. एखादी मावशी घरात असती तर नुसत्या चेहऱ्यावरून ओरडली असती. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं आणि पाजणं थांबवू नकोस म्हणून बजावलं. रजाही इथे 16 आठवड्यांचीच, तीही बाळंतपणाच्या चार ते सहा आठवडे आधी सुरू होते. भारतात 2017 पासून नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे मिळतात, ते मला इथल्या मैत्रिणींना अभिमानाने सांगता येतं. फक्त ती रजा शेतात, घरकामाला, बांधकामावर जाणाऱ्या बायकांना मिळत नाही, आणि रजेचा पगार बऱ्याच ठिकाणी मालकाच्या खिशातून जातो म्हणून लग्न झालेल्या मुलीला नोकरी देताना हात आखडतो. इथे तो भार सरकारी विमा उचलतो. कामावर परतल्यावर बाळ नऊ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेतला चौथा हिस्सा दूध पाजायला किंवा काढायला, पगारी, कायद्यानेच मिळतो. मी तो शेवटच्या दिवसापर्यंत वापरला.

नवऱ्याला आठवडाभराची पूर्ण पगारी रजा आणि वर पाच आठवडे 70 टक्के पगाराची रजा होती. रात्री दोन वाजता वजनाची नोंद करणारा तोच होता. भारतात खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही मिळत नाही.

मावसबहिणीला पुन्हा दिवस गेलेत. गेल्या महिन्यात रुग्णालयात नाव नोंदवायला गेली तेव्हा तिने खोलीच्या भाड्याआधी विचारलं, "सुट्टी झाल्यावर घरी येऊन कोण बघणार?" तशी सोय नाही, असं उत्तर मिळालं. तिने ओळखीतल्या एका निवृत्त परिचारिकाबाईंशी बोलून ठेवलंय. तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या दिवशी त्या येतील, वजनकाटा घेऊन. घरातल्या आठही माणसांनी त्या वेळी समोर बसायचं, असं तिने आत्ताच सांगून ठेवलंय.