आरमार हवंच, पण निवाडाही हवा

मुंबईतल्या मित्रमंडळींशी दक्षिण चीन समुद्राचा विषय निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी आज्ञापत्रातलं वाक्य काढतंच : ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र. जानेवारी २०२५ मध्ये 'सूरत', 'निलगिरी' आणि 'वाघशीर' एकाच दिवशी मुंबईत नौदलात दाखल झाल्या. तिन्ही माझगाव डॉकच्या. त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्यापुढे जे म्हटलं जातं, की चीन आणि अमेरिका आपसांत काय ते बघून घेतील, सागरी कायदा वगैरे नुसता कागद, ते सिंगापुरात राहून मला अजिबात पटत नाही.

मी इथे जहाजांच्या विम्याचं काम करते. २३ डिसेंबर २०२३ ला गुजरात किनाऱ्यापासून साधारण २०० सागरी मैलांवर 'केम प्लुटो' या टँकरवर ड्रोन आदळलं. झेंडा लायबेरियाचा, मालकी जपानी, तेल सौदीहून मंगळूरला निघालेलं, आणि जहाजावरच्या २२ जणांपैकी २१ भारतीय. अमेरिकेने इराणकडे बोट दाखवलं, इराणने कानांवर हात ठेवले. दोन दिवसांनी तटरक्षक दलाच्या सोबतीने जहाज मुंबईला लागलं. नौदलाने विनाशिका धाडल्या, ते योग्यच झालं. पण अशा दिवसांत युद्धजोखमीच्या विम्याचा दर विचारणाऱ्यांचे फोन थांबत नाहीत, आणि आज दिलेला दर उद्या टिकेल असं आम्हीही सांगू शकत नाही. हल्ल्यांच्या भीतीने लाल समुद्र टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा न्हावा-शेव्यातून युरोपला द्राक्षं धाडणाऱ्या नाशिकच्या बागायतदाराचंही भाडं वाढलं. प्रत्येक जहाजामागे एक विनाशिका कुठलंच आरमार देऊ शकत नाही. बाकीची जहाजं चालतात ती नियम पाळला जाईल या भरवशावर.

सिंगापूरला हे कुणी शिकवावं लागत नाही. इथून जवळच, सिंगापूरच्या सामुद्रधुनीतल्या फिलिप खाडीत, जहाजांचा मार्ग तीन किलोमीटरहूनही अरुंद होतो. १९८२ चा सागरी कायदा ज्या परिषदेत ठरला, तिचे अखेरचे अध्यक्ष टॉमी को हे सिंगापूरचे. अशा सामुद्रधुनीतून सगळ्यांना जाऊ द्यायचं, काठावरच्या देशाने वाट अडवायची नाही, हे त्यातच ठरलं.

दोन्ही बड्यांना हा कायदा सोयीपुरताच हवा आहे. २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्रावरच्या चिनी दाव्यांच्या वादात लवादाने या कायद्याच्या आधारे फिलिपिन्सच्या बाजूने निवाडा दिला, चीनने तो धुडकावला. अमेरिका त्यावरून चीनला सुनावते, पण तिने स्वतः हा करार आजवर मंजूर केलेला नाही.

आणि भारत? २०१४ मध्ये याच कायद्याखालच्या लवादाच्या निकालात बंगालच्या उपसागरातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटर वादग्रस्त समुद्रापैकी १९,४०० हून अधिक बांगलादेशला मिळाला. आपण तो निकाल मान्य केला. घरी याला कमीपणा म्हणणारे मला भेटले आहेत. मला तर आपल्या हातातला हा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो : मोठा देश हरला आणि त्याने शब्द पाळला. बीजिंगला हे सांगता येत नाही, आपल्याला येतं.

तरी आपण ते सांगायला कचरतो. २०१६ च्या निवाड्याची आपण नुसती नोंद घेतली. त्याचं पालन व्हावं, असं फिलिपिन्ससोबतच्या निवेदनात स्पष्ट म्हणायला २०२३ उजाडलं. पुढच्याच वर्षी त्यांना ब्रह्मोस क्षेपणास्त्रही पोचलं.

दक्षिण चीन समुद्रातल्या स्कारबरो या वादग्रस्त खडकांपाशी फिलिपिनो होड्यांवर चिनी तटरक्षक पाण्याचे जोरदार फवारे मारतात. समुद्रातली न दिसणारी रेषा काय करते, हे पालघरच्या कोळीवाड्यांना वेगळं सांगायला नको, तिथले खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात राहून आलेत. म्हणून माझी मागणी साधी आहे. आरमार वाढवाच. पण पुढच्या वेळी तिथे असा फवारा सुटला की दिल्लीने त्याच दिवशी त्या निवाड्याचं नाव घ्यावं, आणि तसा आग्रह आधी मुंबईने धरावा.